मुलांच्या ताटांतील पालेभाजी

शेतकऱ्याच्या घरीं पालेभाजीची वाण असावी, ही गोष्ट ऐकावयास विलक्षण वाटते. परंतु ती खरी आहे. ज्या शेतांतून पहांटे मेथीच्या जुड्या बांधून बाजारास जातात, त्याच शेताच्या धन्याचीं मुलें सकाळीं चहाबरोबर बिस्किटें खातात व जेवतांना ताटांतील भाजी कडेस सारून ठेवतात, असें आपण गांवोगांव पाहतों. आई रागावते, आजी समजूत घालते, बाप दोन शब्द बोलून उठून जातो, आणि भाजी शेवटीं गोठ्यांत जाते. गाईचें त्यांत नुकसान कांहींच नाहीं. मुलाचें मात्र आहे. तें किती आहे व तें टाळण्याचे सोपे उपाय कोणते, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

सन २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलांचें रक्त तपासण्यांत आलें. सर्व देशांत शेंकडा ६७.१ मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा ६८.९ निघालें. त्यापूर्वींच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणींत, महाराष्ट्राचा हाच आंकडा शेंकडा ५३.८ होता. बोटाच्या टोंकास टोंचून काढलेल्या रक्तावरून केलेली ही तपासणी कितपत बिनचूक आहे, याविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत, हें आम्ही जाणतों. पण आंकड्याचा अर्धा भाग सोडून दिला तरी उरलेला लहान नाहीं. रक्त कमी असलेलें मूल लवकर दमतें, त्याचें अभ्यासांत लक्ष लागत नाहीं, आणि मुलगी असेल तर तीच उणीव घेऊन ती पुढें संसारांत शिरते.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतों. पालेभाजी हें रक्तक्षयावरील औषध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पाल्यांतील लोह शरीरांत थोडेंच शोषलें जातें. ज्या मुलाच्या खालच्या पापणीची आंतील बाजू पांढुरकी दिसते, जें माती खातें, थोडें धांवलें कीं धापा टाकतें, त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेऊन लोहाचें व जंतांचें औषध द्यावें हेंच योग्य. पाल्याचें काम निराळें आहे. तो रोज थोडथोडें लोह देतो. रक्तास लागणारें फोलेट देतो. हाडांस चुना देतो. आणि ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवितें तें कॅरोटीन भरपूर देतो. दिवेलागणीस चांचपडणारें, रातांधळें मूल आतां पूर्वींच्या मानानें क्वचित् दिसतें. तथापि या जीवनसत्त्वाची उणीव डोळ्यांवर दिसण्यापूर्वींच मुलाची रोगाशीं झगडण्याची शक्ति कमी करीत असते, हें विसरतां कामा नये.

किती भाजी द्यावी? हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०११ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत एक ते सहा वर्षांच्या मुलास रोज ५० ग्रॅम व सात ते बारा वर्षांच्या मुलास १०० ग्रॅम पालेभाजी सांगितली आहे. हें वजन निवडलेल्या कच्च्या पाल्याचें होय. ५० ग्रॅम पाला शिजून दोन-तीन मोठे चमचे होतो. म्हणजे मागणी वाडगाभर भाजीची नसून दोन-तीन चमच्यांची आहे, आणि एवढ्यासाठीं घरांत रोज रणकंदन होण्याचें कारण नाहीं.

कोणती भाजी द्यावी, याविषयीं शहरांतील लोकांनीं पालकास उगीचच डोक्यावर घेतलें आहे असें आमचें मत आहे. भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांचीं जीं कोष्टकें याच संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलीं, त्यांवरून पाहतां १०० ग्रॅम पालकांत चुना सुमारें ८० मिलिग्रॅम, तर मेथींत पावणेतीनशेंच्या आसपास आणि शेवग्याच्या पाल्यांत व हिरव्या माठांत तीनशेंच्या वर आहे. लोहही पालकांत सुमारें ३ मिलिग्रॅम व मेथींत साडेपांचांहून किंचित् अधिक आहे. शिवाय पालकांत असलेलें एक आम्ल चुन्यास धरून ठेवतें व अंगीं लागूं देत नाहीं. पालक वाईट असें नव्हे. पण ज्याच्या बांधावर शेवगा उभा आहे आणि ज्याच्या रानांत माठ, तांदुळजा, चाकवत फुकट उगवतो, त्यानें पालकासाठीं बाजारांत जावें हें आश्चर्य होय.

आतां मुख्य प्रश्न. मूल भाजी कां खात नाहीं? वडील माणसें यास हट्ट म्हणतात. वस्तुतः याचें मूळ मुलाच्या जिभेंत आहे. गोड वस्तु पोषक व कडू वस्तु विषारी असण्याचा संभव अधिक, हें ज्ञान निसर्गानें लहान मुलाच्या जिभेंत जन्मतःच घालून ठेवलें आहे, आणि पाल्यांत थोडा कडवटपणा असतोच. दुसऱ्या वर्षापासून साधारण सहाव्या वर्षापर्यंत मूल नव्या पदार्थाकडे विशेष संशयानें पाहतें. हातीं लागेल तो पाला तोंडांत घालण्याचें हेंच वय. तेव्हां हा संशय एके काळीं त्याचा रक्षक होता असें म्हणावयास हरकत नाहीं. त्यांतही सर्व जिभा सारख्या नसतात. सन १९३१ मध्यें अमेरिकेंत आर्थर फॉक्स नांवाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक भुकटी हवेंत उडाली. जवळच्या सोबत्यास ती अतिशय कडू लागली. फॉक्स यांस मात्र तिची चवच लागेना. पुढें शोधाअंतीं हा भेद आनुवंशिक आहे असें ठरलें. मुळ्याचा पाला, मोहरीचा पाला, कोबी यांतील कांहीं द्रव्यें त्या भुकटीच्याच जातीचीं आहेत. म्हणून एकाच आईच्या दोन मुलांपैकीं एक मुळ्याचा पाला आवडीनें खातें व दुसरें थुंकून टाकतें, यांत लबाडी असेलच असें नाहीं. अशा मुलास मुळ्याऐवजीं माठ द्यावा, म्हणजे काम झालें.

मग उपाय काय? पहिला व सर्वांत स्वस्त उपाय धीराचा आहे. नवी चव मुलाच्या अंगवळणीं पडण्यास ती आठ ते पंधरा वेळां तोंडीं लागावी लागते, असें या विषयावरील निरनिराळ्या प्रयोगांत दिसून आलें आहे. आपल्या घरांत काय होतें? आई तीन-चार वेळां भाजी वाढते, मूल तोंड वांकडें करतें, आणि ‘याला मेथी चालत नाहीं’ असा शिक्का बसतो. तो शिक्का मग पाहुण्यांपुढें, मामाच्या घरीं, शाळेंत सर्वत्र उच्चारला जातो, व मूलही तो आपला गुण म्हणून मिरवूं लागतें. याऐवजीं बोटाच्या पेराएवढी भाजी दर दोन दिवसांनीं ताटांत वाढावी, व खाल्ली तर ठीक, न खाल्ली तरी ठीक, असें वागावें. दटावूं नये. ‘भाजी संपव, मग चॉकलेट देईन’ असें तर मुळींच म्हणूं नये. कारण त्यायोगें भाजी ही शिक्षा व चॉकलेट हें बक्षीस, एवढेंच मूल शिकतें. जेवणापूर्वीं तासभर पाकिटांतले कुरकुरीत पदार्थ हातीं दिले नाहींत, तर भूक अर्धें काम करते. आणि बापानें आपल्या ताटांत भाजी घ्यावी. बापाच्या ताटांत केवळ मटणाचा रस्सा व मुलाच्या ताटांत शेपू, असा न्याय मुलास पटत नाहीं, व तो पटूं नये हेंच बरें.

याहूनही आधीं सुरुवात करतां येते. गरोदरपणांत किंवा अंगावर पाजतांना आईनें जें खाल्लें असेल, त्याची चव गर्भजलांतून व दुधांतून बाळास पोंचते. सन २००१ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, ज्या माता त्या काळांत गाजराचा रस पीत होत्या त्यांच्या बाळांनीं पुढें गाजर घातलेली पेज इतर बाळांपेक्षां कमी नाराजीनें खाल्ली. आपल्याकडे बाळंतिणीस शेपू व मेथी देण्याचा प्रघात दूध वाढावें म्हणून आहे. त्यांत हा दुसराही लाभ पदरीं पडतो. सहा महिने पुरे झाल्यावर वरचें अन्न सुरू होतें, तेव्हांच मऊ खिचडींत चमचाभर माठ किंवा मेथीचीं पानें घोटून घालावीं. पहिल्या वर्षीं जी चव परिचित झाली तिचा संशय तिसऱ्या वर्षीं फारसा येत नाहीं.

परंतु आमच्या मतें शेतकऱ्याच्या घरचा खरा दोष स्वयंपाकघरांत नसून शेतांत आहे. बाजारास कोंवळी जुडी लागते. जून, फुलावर आलेली, किडीनें छिद्रें पाडलेली जुडी व्यापारी घेत नाहीं. ती घरीं येते. मेथी तीन ते चार आठवड्यांत खुडणीस येते. त्यापुढें ती जसजशी फुलाकडे झुकते तसतशी कडू व चिवट होते. शेपूचे देठ दोरासारखे होतात. म्हणजे शहरांतील मूल विकत घेतलेला कोंवळा पाला खातें आणि पिकविणाऱ्याचें मूल उरलासुरला जून पाला चघळतें. आणि मग आपण म्हणतों कीं आमच्या मुलांस भाजीची आवड नाहीं!

यास्तव घरासाठीं वेगळी पेरणी करावी, व ती विकूं नये. जागा फार लागत नाहीं. दहा फूट लांब व चार फूट रुंद असे सहा वाफे विहिरीजवळ किंवा परसांत काढावे. सर्व मिळून पाव गुंठाही होत नाहीं. दर आठवड्यास एक वाफा पेरावा. पहिला वाफा पांचव्या आठवड्यांत खुडून संपतो, व सहावा पेरून होईपर्यंत पहिला पुन्हां पेरणीस मोकळा होतो. चांगल्या वाफ्यांत अडीच-तीन किलो मेथी निघावी असा आमचा अंदाज आहे. पांच-सहा माणसांच्या घरास आठवडाभर एवढी पुरे. बारा महिने कोंवळा पाला हातीं राहतो. बी घरच्या मेथीच्या डब्यांतील चालतें. मात्र दुकानांतून आणलेल्या, औषध चोळलेल्या रंगीत बियाण्यांतील उरलेलें बी स्वयंपाकाच्या डब्यांत कधींही परत टाकूं नये. मेथी, शेपू, चाकवत हिंवाळ्यांत उत्तम. उन्हाळ्यांत माठ, राजगिरा व चवळीची कोंवळी पालवी. पावसाळ्यांत अंबाडी, तांदुळजा व अळू. खतास चांगलें कुजलेलें शेणखत पुरे. युरियाची मूठ टाकली कीं पाला गर्द होतो हें खरें; पण जादा नत्र पानांत नायट्रेटच्या रूपानें सांठतें, व तें लहान मुलांस चांगलें नव्हे. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू चालेल. मेथी-कोथिंबिरीस मात्र विहिरीचेंच पाणी द्यावें.

बांधावरील शेवगा वीस फूट वाढूं देऊं नये. तो तीन-चार फुटांवर छाटीत राहावें, म्हणजे फूट खालींच येते व घरांतील बाईच्या हाताशीं पाला राहतो. शेंगा थोड्या कमी मिळतील, परंतु शेंगेपेक्षां पाला अधिक गुणाचा आहे.

एक धोक्याची सूचना येथेंच देणें अवश्य आहे. चाकवत, तांदुळजा, घोळ या रानभाज्या आपल्या आजीच्या काळीं पिकाच्या ओळींतून खुडून आणीत. आज त्याच ओळींवर तणनाशकाची व कीटकनाशकाची फवारणी होते. कापूस, सोयाबीन, द्राक्ष किंवा वांगीं यांच्या फवारलेल्या रानांतील पाला, तो कितीही लुसलुशीत दिसो, मुलांस देऊं नये. परसांतील वाफे फवारणीच्या रानापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूस असावे; पंप त्या पाण्यावर धुऊं नये. अनोळखी रानपाला तर जाणत्या माणसानें ओळखल्यावांचून चुलीवर चढवूंच नये.

सहा वाफ्यांपैकीं एक मुलांच्या स्वाधीन करावा. बी त्यांनींच टाकावें, झारीनें पाणी त्यांनींच घालावें, व खुडणीही त्यांनींच करावी. आपल्या हातानें खुडलेली जुडी मूल मोठ्या ऐटीनें आईपुढें टाकतें, व तिची भाजी निदान चाखून तरी पाहतें. कित्येक शाळांच्या परसबागांत हाच अनुभव येतो. राजगिरा व माठ लवकर उगवतात, म्हणून अधीर मुलास तेंच बी द्यावें. त्या वाफ्यावर वडिलांनीं हक्क सांगूं नये. भाव चढले म्हणून मुलाच्या वाफ्यांतील मेथी बाजारास नेणारे महाभाग आमच्या पाहण्यांत आहेत; त्या मुलांनीं पुन्हां झारी हातीं धरली नाहीं.

आतां चुलीकडे वळूं. पुष्कळ वेळां मूल पाल्यास भीत नसून तिखटास भीत असतें. आपण हिरवी मिरची ठेचून भाजी करतों व तीच तीन वर्षांच्या मुलास वाढतों. मिरची टाकण्यापूर्वीं मुलाचा वांटा वेगळा काढावा, लसणीची फोडणी द्यावी, वर शेंगदाण्याचें कूट घालावें. निम्मी तक्रार तेथेंच मिटते. दुसरी तक्रार देठांची. लांब देठाचे धागे लहान मुलाच्या घशांत अडकतात व त्यास ओकारी येते. मग तें त्या भाजीचें नांव ऐकतांच तोंड मिटतें. देठ कोंवळे असतील तेवढेच घ्यावे, आणि बारीक चिरावे. भाजी आधीं धुवावी व मग चिरावी. शिजवलेलें पाणी ओतून देऊं नये. अळूची गोष्ट वेगळी: त्याची खाज घशास लागते, म्हणून त्यांत चिंच किंवा आंबट चुका घालून तो पुरता शिजवावा. कोणत्याही पाल्यास चमचाभर तेल अवश्य असावें, कारण स्निग्ध पदार्थावांचून कॅरोटीन शरीरांत नीट शिरत नाहीं. वर लिंबू पिळावें, किंवा ताटांत आंवळा असावा. त्यानें पाल्यांतील लोह अधिक शोषलें जातें. याच्या उलट चहा जेवणाबरोबर किंवा लगेच मागून घेतला तर तो लोहास अडवितो. मुलास चहा नकोच.

पदार्थांची आपल्याकडे वाण नाहीं. मेथीचें थालीपीठ किंवा ज्वारीचे धपाटे हा तर सर्वांत सोपा मार्ग: दोन वाट्या पिठांत एक वाटी चिरलेला पाला सहज मावतो, व दुपारच्या शिदोरीस तें शाळेंतही नेतां येतें. तुरीच्या वरणांत मूठभर माठ घोटावा. शेपूचा उग्र वास मुगाच्या डाळीबरोबर पुष्कळ मवाळ होतो. चाकवत ताकांत शिजवून, हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे घालून, थोड्या गुळानें गरगट केल्यास तो भाताबरोबर मुलें मागून खातात. मराठवाड्यांत व विदर्भांत अंबाडीची आंबट भाजी ज्वारीच्या कण्यांबरोबर करतात; आंबट चवीचीं मुलें तिजवर खूष असतात. कोंकणांत गोकुळाष्टमीस शेवग्याच्या पाल्याची खोबरें घातलेली भाजी आंबोळ्यांबरोबर होते, आणि ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टावांचून पिकलेल्या भाज्यांची मिसळ होते. सणाची भाजी मुलें कुरकुर न करतां खातात, हें सर्वांनीं पाहिलें असेल. ती भाजी सणाच्या दुसऱ्या आठवड्यांतही करावयास कोणी मनाई केलेली नाहीं. अळूवडी व कोथिंबीरवडी मुलांस प्रिय आहेत. त्या वाफवून थोड्या तेलावर परताव्या, रोज तळूं नयेत.

पाला पिठांत लपवून द्यावा कीं उघड द्यावा, हा वाद बायकांत नेहमीं चालतो. आमचें मत असें कीं आरंभीं पिठांत घालावा, परंतु चोरून नव्हे. ‘आज थालीपीठांत तुझ्या वाफ्यांतील मेथी आहे’ असें सांगून द्यावा. लपवून दिलेल्या पाल्यानें पोटांत पोषण जातें, पण मुलास मेथी खाण्याची संवय लागत नाहीं. आणि एखाद्या दिवशीं कावा उघडकीस आला तर थालीपीठही जातें. थालीपीठाच्या शेजारीं चमचाभर उघडी भाजी नेहमीं असूं द्यावी.

पाण्याच्या टंचाईचे दोन-तीन महिने वाफे कोरडे पडतात, त्यांसाठीं शेवग्याचा पाला वाळवून ठेवावा. पाला धुऊन, निथळून, घरांत सावलींत पातळ पसरावा. उन्हांत वाळविला तर त्यांतील कॅरोटीन मोठ्या प्रमाणांत नाश पावतें. कुरकुरीत झाला कीं चुरून, चाळून, घट्ट झांकणाच्या डब्यांत अंधारांत ठेवावा. वरणांत किंवा भाकरीच्या पिठांत लहान चमचाभर भुकटी पुरे. अधिक घातल्यास चव बिघडते. वाळविण्यांत ‘क’ जीवनसत्त्व बहुतेक जातें, म्हणून लिंबू येथेंही हवेंच.

पावसाळा ओसरतांच हिंवाळी वाफ्यांची पेरणी हातीं घ्यावी. पहिल्या वाफ्याच्या एका कोंपऱ्यांतील दहा-बारा चांगलीं रोपें खुडूं नयेत. तीं फुलूं द्यावीं व बी धरूं द्यावें. माठाचें बी काळें व तकतकीत झालें, मेथीच्या शेंगा पिवळ्या पडल्या, कीं सकाळच्या दंवांत तीं कापून, सावलींत वाळवून, झोडून ठेवावीं. पुढील हंगामास सहाही वाफ्यांचें बियाणें घरचेंच निघतें.